राणी गेली, राजा आला... मग कपाटातल्या पौंडांचं काय होतं?

मीनल_स्लाऊ

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतीये तेव्हा सांभाळून घ्या.

झालंय असं की माझी मावशी पुण्यात असते. २०१४ ला ती इकडे इंग्लंडला आमच्याकडे तीन महिने राहून गेली आणि जाताना उरलेले पौंड 'परत येईन तेव्हा लागतील' म्हणून घेऊन गेली, वीसच्या सहा नोटा, पन्नासची एक आणि बिस्किटांच्या डब्यात थोडी चिल्लर. परत येणं काही झालं नाही. आता घरात लग्न आहे म्हणून ती त्या नोटा घेऊन एका पैसे बदलून देणाऱ्याकडे गेली, तर तो म्हणाला की आजी ही राणी एलिझाबेथ वारली, आता राजाच्या नोटा आल्यात, ह्या सगळ्या बाद, तरी तुमच्यासाठी म्हणून अर्ध्या भावात घेतो. मावशी नोटा परत घेऊन घरी आली हे नशीब, पण रात्री फोनवर रडवेली झाली होती. एकशे सत्तर पौंड म्हणजे तिच्यासाठी लहान रक्कम नाही.

आता मी इथे लंडनजवळ स्लाऊमध्ये एका दुकानात गल्ल्यावर बसते, त्यामुळे मला हे पक्कं माहिती आहे की राणीच्या नोटा रोज येतात आणि रोज जातात, कोणी हूं की चूं करत नाही, उलट राजाची नोट आली तर गिऱ्हाईक उलटसुलट करून बघतं. पण मावशीने फोटो पाठवले तेव्हा मलाच शंका यायला लागली कारण तिच्या नोटा मी गल्ल्यात खूप दिवसांत बघितलेल्या नाहीत. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते, राजा बदलला की जुना पैसा नक्की केव्हा जातो? आणि मावशीने काय करावं?

---

नाणेवेडा_सातारा

मीनलताई, आधी मावशींना फोन करून सांगा की एक पैसाही बुडालेला नाही, अर्ध्या भावात तर अजिबात देऊ नका. बाकीचं मग निवांत वाचा.

तुमच्या मावशींच्या नोटा कागदाच्या असणार. वीसच्या नोटेवर मागे ॲडम स्मिथ आणि पन्नासवर बोल्टन आणि वॉट ही वाफेच्या इंजिनवाली जोडी आहे का बघा. असेल तर त्या नोटा दुकानात चालत नाहीत हे खरं आहे पण त्याचा राणीशी काडीचाही संबंध नाही. इंग्लंडने कागद सोडून प्लॅस्टिकच्या, म्हणजे पॉलिमरच्या नोटा आणल्या, पाचची २०१६ ला, दहाची २०१७ ला, वीसची २०२० ला आणि पन्नासची २०२१ ला, आणि मग कागदाच्या एकेक करून चलनातून काढल्या. वीस आणि पन्नासच्या कागदी नोटांचा शेवटचा दिवस होता ३० सप्टेंबर २०२२, आणि ही तारीख राणी हयात असतानाच जाहीर झालेली होती. राणी वारली ८ सप्टेंबर २०२२ ला. मध्ये फक्त बावीस दिवस! त्यामुळे जगभर लोकांच्या डोक्यात हे दोन्ही एकत्र बसलं आणि तुमच्या त्या माणसासारखे लोक त्याचा फायदा घेतात.

बँक ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक नोटेची किंमत बँक कायम देते, कितीही जुनी असो. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर त्यांचा काउंटर आहे, पोस्टाने पण नोटा पाठवता येतात, फॉर्म भरायचा आणि ओळखपत्राच्या प्रती जोडायच्या. पण भारतातून नोटा पोस्टात टाकणं म्हणजे जोखीम आपली. त्यापेक्षा कोणी येणारं असेल त्याच्या हाती तुमच्याकडे पाठवा. तुमच्याकडच्या काही पोस्ट ऑफिसांतही काढून टाकलेल्या नोटा ३०० पौंडांपर्यंत बदलून मिळतात, मावशींचे १७० त्यात आरामात बसतात.

चिल्लरचं वेगळं आहे. त्यातली एक पौंडाची गोल नाणी असतील तर ती ऑक्टोबर २०१७ लाच बंद झाली, तेव्हा तर राणी ठणठणीत होती. का बंद झाली, तर तीसातलं एक नाणं खोटं निघत होतं, म्हणून बारा कोनांचं नवीन आणलं. बाकी एक पेनीपासून पन्नास पेन्सपर्यंतची नाणी आजही चालतात.

---

मीनल_स्लाऊ

दादा, खरंच ॲडम स्मिथच आहे! मावशीला लगेच फोन केला. ती म्हणाली त्यांना माझा आशीर्वाद सांग.

---

चिंगी

मस्त धागा. एक बाळबोध प्रश्न, राजाची नवीन नाणी आली तेव्हा बातम्यांत वाचलं होतं की राजा डावीकडे बघतो आणि राणी उजवीकडे बघायची. हे मुद्दाम असतं का?

---

नाणेवेडा_सातारा

मुद्दाम असतं, आणि बाळबोध तर मुळीच नाही, आमच्या नाणेवाल्यांचा हा सगळ्यात आवडता विषय आहे.

सतराव्या शतकातल्या दुसऱ्या चार्ल्सपासून इंग्लंडात पद्धत पडली की नवीन राजाने आधीच्या राजाच्या उलट दिशेला तोंड करायचं. एलिझाबेथ उजवीकडे, म्हणून आताचा तिसरा चार्ल्स डावीकडे. तिच्या सत्तर वर्षांत पाच वेगवेगळे चेहरे झाले, तरुण मुलीपासून आजीपर्यंत, पण दिशा एकच. चार्ल्सचा चेहरा मार्टिन जेनिंग्ज या शिल्पकाराने फोटोंवरून घडवला, डोक्यावर मुकुट नाही, आणि भोवती लॅटिनमध्ये लिहिलेलं असतं त्याचा अर्थ देवाच्या कृपेने राजा, धर्माचा रक्षक.

आता ह्यातली गंमत ऐका. १९३६ ला आठवा एडवर्ड गादीवर आला. त्याच्या बापाचं, पाचव्या जॉर्जचं तोंड डावीकडे होतं, म्हणजे ह्याने उजवीकडे बघायला हवं. पण त्याला स्वतःची डावी बाजू आवडायची, केसांचा भांग त्या बाजूला होता, म्हणून तो हटून बसला की मी पण डावीकडेच बघणार. ठसे तयार झाले, नमुन्याची थोडीशी नाणी पाडली गेली, आणि डिसेंबर १९३६ ला त्याने गादीच सोडली. नाणी लोकांच्या हातात आलीच नाहीत. मग त्याचा भाऊ सहावा जॉर्ज आला, त्याला कुठे बघायला लावायचं? टांकसाळीने ठरवलं की एडवर्ड नियमाप्रमाणे उजवीकडे बघत होता असं धरून चालू आणि जॉर्जला डावीकडे बघू दे. म्हणजे न निघालेल्या नाण्याची जागा रिकामी ठेवून पुढचा हिशोब केला. त्या एडवर्डचं सोन्याचं एक नाणं २०२० मध्ये दहा लाख पौंडांना विकलं गेलं.

हे सगळं तुम्हाला घरबसल्या पडताळून बघता येईल. ज्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला चांदीचे जुने रुपये काढतात त्यांनी डबा उघडून बघा, राणीछाप रुपयावर व्हिक्टोरिया डावीकडे बघते, सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे, आणि सहावा जॉर्ज परत डावीकडे. मधला गायब राजा तुमच्या देवघरात बसलेला आहे.

---

सुनंदा_इचलकरंजी

आत्ता उठून डबा काढला हो! सासूबाईंचे सहा रुपये आहेत. चार राणीछाप, एक बिनमुकुटाचा उजवीकडे बघणारा आणि एक मुकुटवाला डावीकडे बघणारा त्यावर १९१८ आहे. तीस वर्षं झाली दर दिवाळीला हळदकुंकू वाहते पण कोण कुठे बघतंय हे कधी पाहिलंच नव्हतं. बिनमुकुटाचा कोण म्हणायचा?

---

नाणेवेडा_सातारा

तोच सातवा एडवर्ड, ताई. व्हिक्टोरिया वारली २२ जानेवारी १९०१ ला, पण आपल्याकडे एडवर्डचे रुपये पडले ते १९०३ सालाचे, तोपर्यंत टांकसाळी राणीचेच पाडत राहिल्या. १९१८ चा पाचवा जॉर्ज. त्याच्या मागच्या बाजूला तारखेखाली बारीक टिंब दिसलं तर तो मुंबईच्या टांकसाळीचा, फोर्टातल्या, नाहीतर कलकत्त्याचा.

जॉर्जचा १९११ चा रुपया मिळाला तर मात्र जपा. त्याच्या अंगरख्यावर मानाच्या साखळीत छोटा हत्ती कोरला होता, तो इतका आखूड सोंडेचा झाला की लोकांना डुक्कर वाटला. मुसलमान समाजात फार नाराजी झाली, सरकारने तो रुपया मागे घेऊन बहुतेक वितळवला आणि १९१२ पासून सोंड नीट करून नवीन ठसा आणला. राजाचा चेहरा बदलताना किती बारीक गोष्टींनी घोटाळा होतो बघा, दोन मिलिमीटरच्या सोंडेने अख्खी खेप परत आली.

---

पैसा_झाला_मोठा

माझ्याकडे पण इंग्लंडची राणीची २०-२५ नाणी आहेत, मित्र काम करतो तिकडे त्याने दिलेली. आता राणीची नाणी बनणारच नाहीत म्हणजे येत्या काही वर्षांत ह्यांचे लाखो येतील ना? व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतोय त्यात सांगितलंय की ठेवा आणि नंतर विका.

---

मीनल_स्लाऊ

भाऊ, मी रोज गल्ला मोजते म्हणून सांगते, राणी वारली तेव्हा तिच्या चेहऱ्याची साधारण २७ अब्ज नाणी वापरात होती. अब्ज! ती एकदम कोणी गोळा करत नाही, झिजतील तशी बदलतात. अजून गल्ल्यातल्या शंभर नाण्यांत राजाची दोन-चार निघाली तरी मी दुकानातल्या पोरींना हाक मारून दाखवते. म्हणजे दुर्मिळ म्हणायचं तर सध्या राजाच दुर्मिळ आहे.

---

नाणेवेडा_सातारा

मीनलताई अगदी बरोबर. भाव चेहऱ्यावर ठरत नाही, किती पाडली त्यावर ठरतो. राणीचंच २००९ चं, लंडनच्या क्यू गार्डन्स बागेचं पन्नास पेन्स आहे, फक्त २ लाख १० हजार पाडलेलं, त्याला खरंच भाव आहे. आणि राजाचं सॅमन माशाचं २०२३ चं पन्नास पेन्स त्याहूनही कमी, २ लाखच चलनात आलं. बाकीची नाणी म्हणजे पन्नास पेन्सला पन्नास पेन्स.

आणि तो व्हिडिओ पुढे पाठवू नका, विनंती आहे. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत आधी फी मागणारे खूप आहेत, रिझर्व्ह बँकेच्या नावाने सुद्धा फसवतात, बँकेने २०२१ मध्ये तसा इशाराही दिला होता. आमच्या ओळखीत एका शिक्षकांचे पैसे असेच गेलेत, म्हणून जीव तोडून सांगतो.

---

निवृत्त_नाशिकरोड

मी नाशिकरोडला नोटा छापायच्या प्रेसमध्ये आयुष्य काढलं, नोटांबद्दल थोडं लिहितो, नाणी मला फार कळत नाहीत.

इंग्लंडच्या नोटेवर राजाराणीचा चेहरा ही फार जुनी परंपरा असेल असं सगळ्यांना वाटतं पण तसं नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवर पहिल्यांदा चेहरा आला तो एलिझाबेथचाच, १९६० ला, एक पौंडाच्या नोटेवर. त्यामुळे तिथल्या नोटेवरचा राजा बदलण्याची ही पहिलीच वेळ, त्यांनाही आधीचा अनुभव नव्हता. डिझाइन डिसेंबर २०२२ ला दाखवलं आणि नोट लोकांच्या हातात पडली ५ जून २०२४ ला, म्हणजे दीड वर्ष. इतका वेळ का, तर चेहरा दोन ठिकाणी बदलायचा, एक समोर आणि एक प्लॅस्टिकच्या नोटेत असते त्या पारदर्शक खिडकीत, आणि त्याहून मोठं काम म्हणजे देशभरातली एटीएम, नोटा मोजायची मशिनं, दुकानातली स्वतः पैसे भरायची मशिनं, ह्या सगळ्यांना नवीन नोट ओळखायला शिकवायचं. नाण्याचं तसं नसतं, मशीन नाण्याचं वजन, जाडी, धातू बघतं, चेहरा बघत नाही, त्यामुळे राजाचं पन्नास पेन्स डिसेंबर २०२२ मध्येच पोस्ट ऑफिसांतून लोकांना मिळायला लागलं होतं.

मागची बाजू त्यांनी तशीच ठेवली, त्यांची नावाजलेली माणसं, चर्चिल, जेन ऑस्टिन, टर्नर, ट्युरिंग. आणि राजघराण्याकडूनच सूचना होती की फाटक्या नोटांच्या बदल्यात आणि जास्तीची मागणी असेल तेवढ्याच नवीन छापा, चांगल्या नोटा उगाच नष्ट करू नका. हे मला फार पटलं. नोट छापणाऱ्यालाच कळतं एका नोटेमागे किती हात असतात.

आता आपलं सांगतो. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ ला आली, पाच रुपयाची, सहाव्या जॉर्जची. १९४३ ला चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले, पहिले भारतीय, आपल्या रायगडचे. त्या काळातली नोट हातात घेतली तर एकीकडे इंग्रज राजाचा चेहरा आणि खाली मराठी माणसाची सही. माझ्या वडिलांनी अशी एक दहाची नोट जपून ठेवली होती, मला नोकरी लागली त्या दिवशी ती माझ्या हातात दिली.

स्वातंत्र्य मिळालं १९४७ ला, पण राजाचा चेहरा लगेच नाही गेला. एक रुपयाची सारनाथच्या सिंहांची नोट १९४९ ला आली. आधी विचार होता की राजाच्या जागी गांधीजींचा चेहरा घ्यायचा, तशी डिझाइनं पण झाली होती, पण शेवटी सिंहांवर एकमत झालं. नाणी तर १५ ऑगस्ट १९५० पर्यंत जॉर्जचीच. आणि पाकिस्तानसाठी १९४८ ला आपल्याच जॉर्जच्या नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' छापून दिलं, दोन देशांत एकाच राजाच्या नोटा, फक्त एक ओळ जास्त.

---

चिंगी

काका, तुमच्या वडिलांच्या नोटेचं वाचून डोळ्यात पाणी आलं. फोटो टाकाल का?

---

निवृत्त_नाशिकरोड

टाकतो बाळा, नातू आला की त्याच्याकडून करून घेतो.

---

अस्मिता_मेलबर्न

आमच्याकडचं वेगळंच झालं. ऑस्ट्रेलियात पाच डॉलरच्या नोटेवर राणी होती, सगळ्यांना वाटलं आता राजा येणार, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या रिझर्व्ह बँकेने सांगितलं की नवीन पाचच्या नोटेवर राजा नाही, इथल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा मान राखणारं चित्र येणार. खूप भांडणं झाली पेपरांत. नाण्यांवर मात्र राजा आलाय, डॉलरच्या नाण्यावर मी स्वतः बघितलाय. म्हणजे एकाच देशात नाण्यावर राजा हवा आणि नोटेवर नको. माझ्या मुलाच्या शाळेत ह्यावर वादविवाद होता, त्याने नोट बदलण्याच्या बाजूने भाषण केलं, मला अभिमान वाटला, पण त्याच्या पणजोबांनी जॉर्जच्या नोटा मोजत आयुष्य काढलं हे पण त्याला सांगितलं.

---

टोरोंटोचा_बाळ्या

कॅनडात वीसच्या नोटेवर राणी. सरकारने सांगितलंय पुढच्या वीसवर राजा येणार. नाणी आली, चेहरा इथल्या कलाकाराने केलाय, जेनिंग्जचा नाही. एक जाता जाता, कॅनडाने एलिझाबेथला नोटेवर घेतलं होतं १९३५ ला, तेव्हा ती आठ वर्षांची पोर होती, राणी होईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तीच पहिली नोट तिची.

---

वकील_रत्नागिरी

सगळं वाचलं, छान चाललंय. पण मला एक गोष्ट खटकते, इतके पैसे खर्चून चेहरे बदलायचेच कशाला? स्कॉटलंडच्या बँकांच्या रोजच्या नोटांवर राजा नसतो, त्यांचं काय अडलंय? डेन्मार्कमध्ये २०२४ ला राणीने गादी सोडली, नवीन राजा आला, त्यांच्या नोटांवर पूल आहेत, नोटांना हात सुद्धा लावावा लागला नाही. माणसाचा चेहरा टाकला की तो बदलणं आलंच.

---

नाणेवेडा_सातारा

वकीलसाहेब, मुद्दा चांगला आहे पण थोडा विरोध नोंदवतो. नाणं हे मुळात 'ह्या तुकड्याच्या वजनाची आणि कसाची हमी मी देतो' असं सांगणारी सही होती. चेहरा किंवा नाव ही ती सही. म्हणून नवीन राजा आला की त्याची पहिली दोन कामं, एक म्हणजे खुतबा, मशिदीतल्या प्रवचनात आपलं नाव घ्यायला लावणं, आणि दुसरं नाणं. राजा कोण हे खेड्यातल्या माणसाला कळायचं ते नाण्यावरून.

आणि म्हणूनच नाव न बदलणं हेही मोठं राजकारण असायचं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला, ६ जून १६७४, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', देवनागरीत. संभाजी महाराजांची 'श्री राजा शंभू' अशी नाणी आहेत. पण पुढे काय झालं, शिवराईवर परत 'श्री राजा शिव' आलं आणि राजे बदलले, पेशवे बदलले तरी तेच नाव राहिलं. महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली तरी बाजारात त्यांच्याच नावाचा पैसा पडत होता. लोकांचा भरवसा त्या नावावर होता. माझ्याकडे एक झिजलेली दुदांडी, म्हणजे दोन रेघांची, शिवराई आहे, तिच्यावर फक्त 'शिव' तेवढं वाचता येतं, ती मी कोणत्याही किमतीला विकणार नाही.

चांदीचं उलटं. मराठ्यांचे रुपये दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत होते आणि सत्ता मात्र पुण्याची. ईस्ट इंडिया कंपनीनेही तेच केलं, बंगालात तिने बादशहा शाह आलमचं नाव आणि त्याच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष रुपयावर गोठवून ठेवलं, साल पुढे सरकेना पण रुपये निघत राहिले. १८३५ ला कंपनीने तो पडदा काढला आणि चौथ्या विल्यमचा चेहरा टाकला. आपल्या रुपयावर इंग्रज राजाचा चेहरा सगळ्या कंपनी मुलखात एकसारखा आला तो तेव्हा.

---

सुदिन_मडगांव

गोंयची पण भर घालतो. आमच्या रुपियेवर आधी पोर्तुगालचा राजा डॉम लुईश, १८८१-८२ ची. मग डॉम कार्लूश, १९०३-०४. आणि १९१० ला पोर्तुगालमधला राजाच गेला, तेव्हा १९१२ च्या रुपियेवर राजाच्या जागी एक बाई आली, प्रजासत्ताकाचं प्रतीक म्हणून. वजन आणि चांदी मात्र ब्रिटिश रुपयाएवढीच. घरच्या तीन पिढ्यांचे दागिने मोडले गेले त्यात ह्या रुपिया पण गेल्या, एकच उरलीय, कार्लूशची, आजीने पदराला बांधलेली.

---

सुनंदा_इचलकरंजी

मग माझे राणीछाप रुपये आज बँकेत दिले तर एक रुपया मिळेल का? इंग्लंडसारखं कायम किंमत देतात का आपल्याकडे?

---

नाणेवेडा_सातारा

नाही ताई, आणि हाच ह्या धाग्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे म्हणून जरा लांबण लावतो.

राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. व्हिक्टोरिया १९०१ ला वारली, तिच्यानंतर एडवर्ड आला गेला, जॉर्ज आला गेला, आणखी एक एडवर्ड वर्षभरात आला गेला, तरी राणीछाप रुपया बाजारात खणखणत होता. चाळीस वर्षं! कोणी म्हणालं नाही की बाई गेली, रुपया बाद. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोकांनी भीतीने चांदीचे रुपये घरात पुरून ठेवायला सुरुवात केली, चांदी मिळेना. सरकारने १९४० ला नवीन रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. आता एका बाजारात भरपूर चांदीचा जुना आणि कमी चांदीचा नवा, किंमत दोघांची एक रुपया, तर शहाणा माणूस कोणता खर्च करेल? म्हणून १९४१ ते १९४३ च्या दरम्यान सरकारने आधी राणीछाप, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे जुन्या चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले. आणि १९४७ ला तर रुपयात चांदी उरलीच नाही, निकेल आलं, मागे वाघ.

म्हणजे तिकडे मावशींच्या नोटा गेल्या त्या कागद गेला म्हणून. गोल पौंड गेला तो खोटी नाणी झाली म्हणून. आपला राणीछाप गेला तो चांदी महागली म्हणून. एकही राजा मेला म्हणून गेला नाही. त्या दुकानदाराने मावशींना जे सांगितलं ते मला इतकं लागलं ते ह्यामुळेच.

तुमचे सहा रुपये देऊ नका ताई. सोनाराकडे तर नाहीच.

---

प्रवासी_पक्षी

थोडं आशियातलं. थायलंडमध्ये राजे भूमिबोल ऑक्टोबर २०१६ ला गेले, नवीन राजाच्या नोटा ६ एप्रिल २०१८ पासून आल्या. आम्ही नंतर बँकॉकला गेलो तर फेरीवाल्या आजीने सुट्टे देताना जुन्या राजाची नोट आधी कपाळाला लावली मग दिली, बायकोला ते इतकं आवडलं की आम्ही ती नोट खर्चच केली नाही.

जपानमध्ये नाण्यावर सम्राटाचा चेहराच नसतो पण साल सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं. २०१९ ला सम्राटांनी ३० एप्रिलला पद सोडलं, त्यामुळे एकाच वर्षाची दोन प्रकारची नाणी, आधीची हेइसेई ३१ ची आणि नंतरची रेइवा १ ची. मुलीला जपानी येतं, तिने दुकानातल्या सुट्ट्यांतून दोन्ही शोधून काढली.

---

कच्छवाला_मुलुंड

आठव्या एडवर्डचं वाचून राहवलं नाही. त्याची नाणी इंग्लंडात निघाली नाहीत पण आमच्या कच्छमध्ये निघाली! कोरी म्हणजे कच्छ संस्थानाचं नाणं, तिच्यावर एका बाजूला महाराव खेंगारजींचं नाव आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज राजाचं, चेहरा नाही, फक्त नाव. त्यामुळे १९३६ ला एडवर्ड गादीवर होता तेवढ्यात त्याच्या नावाच्या कोऱ्या पडून बाजारात आल्या पण. त्याच एका सालात पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज अशा तिघांच्या नावाची नाणी आहेत. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर कोरीवर 'जय हिंद' आलं. माझ्या आजोळी होती एक, मामाकडे आहे आता.

---

नाणेवेडा_सातारा

वा! हे लिहायचं माझ्या मनात होतं आणि राहून गेलं. जय हिंदवाल्या कोरीचा फोटो मामांकडून नक्की मागवा.

ह्याला जोडून एक. इंग्लंडच्या स्वतःच्या नाण्यांवरही १८९३ पासून राजाच्या नावापुढे 'इंड इम्प' असायचं, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. आपण स्वतंत्र झालो आणि १९४९ च्या नाण्यांपासून ती अक्षरं गेली. राजा तोच, चेहरा तोच, फक्त आपलं नाव त्याच्या नावापुढून उतरलं. माझ्याकडे १९४८ आणि १९४९ ची दोन नाणी शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. घरी कोणी लहान मूल आलं की मी आधी ती दाखवतो.

---

मीनल_स्लाऊ

मंडळी, अपडेट द्यायला आले. मावशीच्या शेजारची मुलगी शिकायला इकडे आली तिच्या हाती नोटा आल्या, काल पोस्टात गेले, ओळखपत्र दाखवलं, काउंटरवरच्या बाईने नोटा उजेडात धरून बघितल्या आणि पूर्ण १७० पौंड दिले. आज मावशीच्या खात्यात रुपये करून पाठवले. चिल्लर मात्र तिने पाठवली नाही, म्हणाली डबा राहू दे माझ्याकडे, तुझ्या घरी राहिले त्याची आठवण आहे.

आणि १७० मध्ये दोन वीसच्या नोटा राजाच्या आल्या, बाकी राणीच्याच. आज दुकानात मधमाश्यांचं एक पौंडाचं नाणं पण आलं, राजाच्या नवीन नाण्यांवर मागे प्राणी-पक्षी आहेत ना, लाल खार, पफिन, ओकचं पान, त्यातलं. मी माझा पौंड गल्ल्यात टाकून ते उचललं. डिसेंबरात पुण्याला येतीये तेव्हा मावशीच्या डब्यात टाकणार आहे.

---

सुनंदा_इचलकरंजी

मीनल, येशील तेव्हा इचलकरंजीलाही ये गं. रुपये काढून ठेवते, मिळून बघू.